मध्यम विद्यार्थिनीसाठी दोन साक्षीदार

२ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा वरून पाणी गळलं. नेमकं माझ्या वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांवर, आणि तेही साबणाचं. गच्चीवरच्या खोलीत छावणीतून आलेल्या तिघी राहायला आल्यापासून माझ्या गॅलरीचा कठडा कोरडा म्हणून नाही. घरमालकाला सांगितलं तर म्हणतो, "बाई, बिचाऱ्या देश सोडून आल्यात." देश सोडला म्हणून कपडे पिळायचेही सोडायचे का? कॉन्व्हेंटात सिस्टर आम्ही पिळलेला रुमाल स्वतः हातात घेऊन बघायच्या. एक थेंब पडला की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी तणतणत वर गेले. दोघी लाँड्रीत कामाला गेल्या होत्या. तिसरी, सगळ्यांत लहान, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक उघडून उभ्यानेच वाचत होती. बसणार कुठे? एकुलत्या एका खुर्चीवर लोकांचे शर्ट रचलेले. मी तोंड उघडायच्या आत तिने माझा चेहरा बघितला, फडकं उचललं आणि धावत खाली आली. कठडा पुसला, अभ्रे काढून पुन्हा धुवायला घेऊन गेली. मला भांडायची संधीच दिली नाही. असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

संध्याकाळी अभ्रे आणून दिले, इस्त्रीसकट. आणि विचारते कशी, "बाई, फार्मसी कॉलेजात तुमच्या ओळखीचं कोणी आहे?"

"नाही. आणि असतं तरी तुला सांगितलं नसतं."

"बरं," म्हणाली. कपाळावर आठी नाही. "मग खालच्या मजल्यावर विचारते."

"अगं, वशिला म्हणजे काय वाटीभर साखर आहे, शेजारी मागायला?"

"आमच्याकडे साखर संपत नव्हती, बाई. इथे आल्यावर कळलं काय काय मागावं लागतं."

तिच्या देशात तिचं फार्मसीचं पहिलं वर्ष पूर्ण झालं होतं. मग कॉलेज जळलं, त्यात कागदपत्रंही गेली. या महिनाअखेर इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर विद्यार्थिनी म्हणून शहरात राहता येईल. नाही मिळाला तर परत छावणीत, तंबूत. एकदा परत गेलेल्याला दुसऱ्यांदा बाहेर सोडत नाहीत.

"मग सरळ मार्गाने जा ना," मी म्हटलं. "प्रत्येक गोष्टीला नियम असतो. बुधवारी मी येते बरोबर. बघू कोण अडवतो."

उशी एकच वापरते मी. बाकीच्या तीन कशाला आहेत, असं धाकटी बहीण नेहमी विचारते. असू देत.

४ सप्टेंबर, बुधवार

शी! शी! शी!

कॉलेजच्या खिडकीमागचा कारकून अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटतो. दर पानाला. थुंकी लावायची, पान उलटायचं, तोच अंगठा नाकाखाली न्यायचा आणि पुन्हा थुंकी. वरचीने आणलेला अर्ज (मी तिला 'वरची' म्हणते, तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही आणि चुकीचं उच्चारण्यापेक्षा हे बरं) त्या अंगठ्याखाली गेला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले. खिडकीची कडा लोकांच्या कोपरांनी काळी, चिकट झाली होती. मी माझा हात खिशात ठेवला.

नियम आहे, हे मात्र खरं निघालं. कागद नसतील तर साक्षीदार चालतात. दोन. एक, ज्याने तिला शिकवलंय असा. दुसरा, या शहरातला प्रतिष्ठित माणूस, जो पहिल्याची खात्री देईल. दोघांनी समितीपुढे स्वतः यायचं.

"शिकवणारे कुठून आणू?" वरचीने विचारलं. "ते पण पळाले. कोण कुठे गेलं काय माहीत."

"ते तुम्ही बघा," कारकून म्हणाला आणि अंगठा तोंडाकडे नेला.

"आणि प्रतिष्ठित म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे… ज्याला लोक ओळखतात."

काय नियम आहे! या पोरीला जे ओळखतात त्यांना इथे कुत्रं विचारत नाही, आणि इथे ज्यांना सगळे ओळखतात त्यांनी हिला कधी पाहिलेलं नाही. दोन काठ बांधून ठेवलेत आणि मधला पूल बांधायला बुडणाऱ्यालाच सांगितलंय. पण नियम तो नियम. पूल बांधू.

घरी येऊन हात तीनदा धुतले. वरचीलाही धुवायला लावले.

८ सप्टेंबर, रविवार

धाकटीकडे चहाला गेले होते. धाकटीच्या घरी चहा म्हणजे चहा नसतो, प्रदर्शन असतं. या वेळी प्रदर्शनात वरची होती. माझा बेत नव्हता. मी फोनवर सहज बोलले आणि धाकटी लगेच, "ताई, तिला घेऊन ये! आमच्या मंडळाच्या बायका येतायत. एकीचे यजमान कॉलेजच्या समितीवरच आहेत!"

"मला वशिला नकोय."

"वशिला कुठे? नुसती भेट. तू पण ना, ताई, दात घासतानाही तत्त्वं सोडत नाहीस."

गेले. माझं चुकलंच. आठ-दहा बायका, प्रत्येकीला वेगळं अत्तर, आणि खिडक्या बंद. वरचीला मधल्या खुर्चीवर बसवलं. "तुमच्याकडे बाँब पडताना आवाज कसा येतो गं?" असं एकीने केकचा घास तोंडात असताना विचारलं. केकचे कण उडाले. दुसरीने तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि हात लगेच रुमालाला पुसला. मी बघितलं. वरचीनेही बघितलं. ती हसत राहिली. ते हसू मला त्या हात पुसण्यापेक्षाही घाण वाटलं. असं हसायची वेळ माणसावर येऊच नये.

समितीवरच्या यजमानांची बायको म्हणाली, "बघू या हं." 'बघू या' म्हणणाऱ्यांचे डोळे मी आयुष्यभर तपासलेत. त्यांना काही दिसत नसतं.

वाटेत मी फटकारलं. "कशाला हसत होतीस?"

"तुम्हाला ओळखीची किळस येते, बाई, कारण तुम्हाला ती कधी लागली नाही."

फारच जीभ आहे! मला कोणी कुठे चिकटवलेलं नाही. शाळा संपल्यावर सिस्टर मला हाताला धरून डोळ्यांच्या रुग्णालयात घेऊन गेल्या, मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हिची नखं बघा," डॉक्टरांनी नखं बघितली आणि मला शिकायला ठेवून घेतलं. नखांवर! याला गुणवत्ता म्हणतात.

तसं तिला सांगितलंही. तिने माझ्या नखांकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, चहाच्या कपबशा ठेवायला मी आत गेले होते ना? तुमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात काम करणारी मुलगी आमच्याकडची आहे. ती म्हणते, आमच्या कॉलेजचे एक मास्तर इथेच आहेत. मोठ्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये. भांडी घासतात."

म्हणजे दिवाणखान्यात दोन तास गेले ते फुकट, आणि मोरीपाशी दोन मिनिटांत काम झालं.

१० सप्टेंबर, मंगळवार

मास्तर येऊन गेले. भयंकर माणूस.

मला वाटलं होतं, भांडी घासणारा मास्तर म्हणजे गरीब, खाली मान घालून बसणारा असेल, आपल्याला दया येईल. कसली दया! आल्या आल्या खुर्ची बदलून मागितली. चहा कोमट आहे म्हणाले. तो कोमट नव्हता. मग वरचीला म्हणाले, "तुला अजून पोक काढून बसायची सवय आहे." (आहे. मी पण सांगणारच होते.) कॉलरला खरकट्याचा वास आणि रुबाब कुलगुरूंचा.

त्यांचा चष्मा बघून माझं डोकं उठलं. एक काडी दोऱ्याने बांधलेली, डावी काच तडकलेली. मला तडकलेली काच बघवत नाही. रिटायर झाले तरी भिंगांची पेटी मी घरी ठेवलीय. त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, दाराच्या आतल्या बाजूला तक्ता टांगला. हा अक्षरांचा नाही. सगळ्या ओळींत तीन दातांचा एकच कंगवा, कधी वर तोंड, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. दात कुठे आहेत ते हाताने दाखवायचं. वाचता न येणाऱ्यालाही जमतं.

आता खरी गंमत सांगते, जी डॉक्टरांना कधी कळली नाही. शंभरातले नव्वद लोक खोटं बोलतात. दिसेनासं झालं की अंदाजाने हात हलवतात. मोठमोठे साहेब, न्यायाधीश, आमची धाकटीसुद्धा. चष्मा लागू नये म्हणून, कमी पडू नये म्हणून, नाहीतर नुसत्या सवयीने. तक्ता परीक्षा घेतोय असंच त्यांना वाटतं.

मास्तरांनी पहिल्या तीन ओळी भराभर दाखवल्या. चौथीवर हात खाली ठेवला.

"दाखवा ना."

"दिसत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाज कशाला? दिसत नाही म्हटलं ना."

मी भिंग बदललं. दोन दिसले, तिसऱ्यावर पुन्हा, "दिसत नाही." कपाळावर आठी, जणू तक्त्याचीच चूक. भयंकर माणूस आहे. मी माझ्या जागेवर आता जी मुलगी काम करते तिच्याकडे नंबर पाठवला. शुक्रवारी चष्मा मिळेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मास्तर नवा चष्मा घालून आले, माझ्या स्वयंपाकघराकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या पंख्यावर धूळ आहे." आभार नाहीत, काही नाही.

वरचीने लाजत विषय काढला. "मास्तर, समितीपुढे… जरा चांगलं सांगाल ना? हुशार होती म्हणून?"

"तू हुशार नव्हतीस."

"मास्तर!"

"मध्यम होतीस. ते वाईट नाही. मी मध्यमच सांगणार."

"तिथे सगळ्यांचे साक्षीदार 'अत्यंत हुशार' सांगतात! तुम्ही मध्यम म्हणालात तर मी संपले. परत तंबूत. तुम्हाला माहितेय तंबू काय असतो?"

"मी दोन हिवाळे काढलेत," मास्तर म्हणाले. "मध्यम."

पोरगी रडायला लागली. मी पण मध्ये पडले, म्हटलं, "अहो, निदान 'बरी' म्हणा." आणि तोंडातून शब्द गेल्यावर माझीच मला शिसारी आली. मी! आयुष्यभर एका नंबराचीही कोणाला सवलत दिली नाही, ती मी मास्तरांना सांगतेय, जरा वाढवून सांगा!

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या वर्गात चार हुशार मुली होत्या," ते म्हणाले, आणि चौघींची नावं घेतली, आडनावांसकट, हजेरी घेतात तशी. "हुशार हा शब्द त्यांचा आहे. तो मी दुसऱ्या कोणाला देणार नाही."

मला त्या नावांशी काय करायचंय? पण वरची डोळे पुसून उठली आणि त्यांचा कप विसळायला घेऊन गेली. पुन्हा तो विषय तिने काढलाच नाही. मुलींचं काही कळत नाही मला.

१६ सप्टेंबर, सोमवार

प्रतिष्ठित माणूस सापडत नाही. घरमालक म्हणतो, "मी भाडं घेतो, जबाबदारी घेत नाही." मंडळाच्या 'बघू या'बाई फोन उचलत नाहीत. धाकटी म्हणाली, "ताई, मी यांना सांगते, हे समितीवर कोणाला तरी फोन करतील."

"खबरदार! फोन केलास तर तुझ्या घराची पायरी चढणार नाही."

"मग तूच जा की साक्षीला."

"मी काय प्रतिष्ठित आहे? मला कोण ओळखतं? रिटायर झाल्यापासून पोस्टमन सोडून कोणी दार वाजवत नाही."

फोनवर धाकटी इतकी हसली की मी ठेवून दिला. हसण्यासारखं काय होतं?

पण जावं लागणार मलाच. बूट पॉलिश केले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

समितीची खोली. लांब टेबल, वर हिरवं कापड आणि कापडावर चहाच्या कपांचे गोल डाग, कित्येक वर्षांचे. समितीवर तिघं. एक जण काडीने कान कोरत होता आणि काडी बाहेर काढून बघत होता. एक झोपेत. मधे अध्यक्ष, जाड काचांचा चष्मा, नाकावरून घसरणारा. आमच्या आधी एका मुलाची साक्ष झाली. त्याचा साक्षीदार 'असामान्य, अलौकिक' म्हणाला आणि कान कोरणाऱ्याने त्याच काडीने कागदावर सही करायची जागा दाखवली. मी मान फिरवली.

आत जाताना अध्यक्ष मला बघून अर्धे उठले. म्हातारी बाई म्हणून असेल. निदान तेवढे संस्कार शिल्लक आहेत.

मास्तरांना विचारलं, "विद्यार्थिनी कशी होती?"

"मध्यम."

झोपलेला जागा झाला.

"म्हणजे?"

"द्रावणं अचूक बनवते. पाठांतर कच्चं. एकदा उशिरा आली, तेव्हा वर्गाबाहेर उभी केली. नंतर आली नाही उशिरा."

"तुम्ही तिथे शिकवत होतात याला पुरावा?"

"नाही. इमारतही नाही."

"म्हणजे फक्त तुमचा शब्द."

"हो."

मग मी. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, तुम्ही यांना किती दिवस ओळखता?"

"दहा दिवस."

कान कोरणारा खो खो हसला. "दहा दिवसांत काय ओळख पटते, बाई?"

"माझ्या खुर्चीत पंधरा मिनिटांत पटते," मी म्हटलं. "आणि तुम्ही आधी ती काडी टाका." त्याने टाकली. मग मी तक्त्याचं सगळं सांगितलं: अंदाजाने हात हलवणाऱ्यांचं, आणि मास्तर चौथ्या ओळीवर कसे थांबले त्याचं. "हा माणूस उर्मट आहे. चहाला नावं ठेवतो. पण न दिसणारी गोष्ट दिसते म्हणून सांगणार नाही. तो मध्यम म्हणाला तर ती मध्यम आहे, एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तुमच्याकडे अलौकिक बरेच जमलेत असं दिसतंय. औषधं देणारा एखादा मध्यम माणूसही ठेवा. मी तरी त्याच्याकडून घेईन."

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही फार बोललात." 

२३ सप्टेंबर, सोमवार

मिळाला! प्रवेश मिळाला. वरची जिन्यावरून ओरडत खाली आली, मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर इस्त्रीच्या स्टार्चचा डाग पाडला. ब्लाऊज धुवायला टाकायचा राहिलाय, उद्या बघू.

खरं बोललं की काम होतं. फोन नको, केक नको, अत्तर नको. धाकटीला कळवलं, जरा तोऱ्यातच.

"अगं ताई, होणारच होतं," ती म्हणाली. "तुझं नाव साक्षीदारांत वाचलं तेव्हाच अध्यक्ष म्हणाले म्हणे, 'बाई येतायत? मग प्रश्नच नाही.' लहानपणी तुझ्याकडेच यायचे ते. आणि यांनी पण एक फोन केला होता हं. रागावू नकोस."

मी फोन ठेवला. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. म्हणजे ते अर्धं उठणं! म्हणजे मी तक्ता, कंगवा, खरं-खोटं, सगळं ज्याला सांगत बसले त्याने आधीच ठरवलं होतं! मी वशिला घेऊन गेले नाही, मीच वशिला होते. शी!

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळीच अध्यक्षांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "एक सांगा. प्रवेश कशावर दिलात? खरेपणावर, माझ्या तोंडावर, की माझ्या मेहुण्याच्या फोनवर?"

"बसा, बाई."

"बसायला आले नाही."

"फोन प्रत्येकासाठी येतात. एकमेकांना काटून टाकतात." ते हसले. "बाई, तुम्हाला आठवत नसेल. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. चष्मा नको म्हणून तुमचा तक्ता पाठ करून आलो होतो. तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात आणि तक्ता उलटा टांगलात."

मला आठवत नाही. मी शेकड्यांनी तक्ते उलटे टांगलेत.

"त्या दिवसापासून मला माहीत आहे," ते म्हणाले, "बाईंसमोर खोटं चालत नाही. मास्तरांचा शब्द मला पटला. पण मास्तर कोण, हे मला कसं कळणार? ते मी तुमच्यावरून धरलं."

"म्हणजे ओळखच!"

"ओळखच."

"आणि ज्या पोरीला माझ्या गॅलरीच्या वर खोली मिळाली नाही, तिने काय करायचं? तिने कोणाच्या अभ्र्यांवर पाणी गाळायचं?"

त्यांनी घसरलेला चष्मा वर ढकलला. उत्तर दिलं असतं तर मला आणखी चीड आली असती. निघताना म्हटलं, "चष्म्याच्या नाकपट्ट्या बदलून घ्या. घसरतोय."

वरचीला जिन्यात सगळं सांगितलं, अगदी तिरस्काराने. ती कपड्यांचं गाठोडं कमरेवर घेऊन ऐकत होती. "मग आता कॉलेज सोडू का, बाई?"

"मूर्खासारखं बोलू नकोस. आणि पोक काढू नकोस."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज दार वाजलं. पोस्टमन नव्हता. वरची होती, नवी वही छातीशी धरून, आणि तिच्या मागे धाकटीच्या स्वयंपाकघरातली ती मुलगी, ओले हात फ्रॉकला पुसत.

"बाई, हिचं शिक्षिकेचं शिक्षण अर्धं राहिलंय," वरची म्हणाली. "हिच्या मुख्याध्यापिकाबाई सापडल्यात, एका बेकरीत. पण त्यांची खात्री द्यायला इथलं कोणी नाही. तुम्ही अध्यापक कॉलेजात कोणाला ओळखता का?"

"नाही," मी म्हटलं. "मी कोणालाही ओळखत नाही. ही काय खानावळ आहे? आज एक, उद्या दुसरी, परवा सगळी छावणी जिन्यात उभी कराल! मला या सगळ्याची किळस आहे, कळलं? किळस!"

दोघी उभ्याच. मुलगी घाबरली. वरची अजिबात नाही. ती माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. तक्ता मी अजून काढला नव्हता.

"हात धुऊन ये," मी त्या मुलीला म्हटलं. "साबणाने. नखं दाखव. हं. आता त्या खुर्चीत बस आणि डावा डोळा झाक."

तिने पहिली ओळ दाखवली, दुसरी, तिसरी. चौथीवर तिचा हात हवेत थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, वरचीकडे बघितलं. वरचीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. अंदाजाने हलवेल, मला वाटलं. सगळेच हलवतात.

मुलीने हात मांडीवर ठेवला.

"दिसत नाही, बाई," ती म्हणाली.

उद्या आधी बेकरीत जाऊन त्या मुख्याध्यापिकाबाईंना गाठायचं. बूट पुन्हा पॉलिश करायला काढलेत.